एका कॉफीवर दोन तास: माणसं कॉफीच्या दुकानात आसऱ्याला का जातात?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

टिळकवाडी, कॉलेज रोड, हिंदवाडी, कॅम्प. यातल्या कुठल्याही कॉफीच्या दुकानात दुपारी चारला डोकावलं तर बऱ्याच टेबलांवर एकेकटी माणसं दिसतात. समोर एक कप, तोही अर्ध्यावर निवलेला. बेळगाव तसं चहाचं गाव, घरोघरी दिवसातून तीन-चारदा आधण चढतं. म्हणजे ही माणसं नुसत्या पेयासाठी आलेली नाहीत. त्यांना बसायला जागा हवी आहे, आणि बसल्यावर ‘असा का बसलायस?’ असं कुणी विचारायला नको आहे.

माझ्या मते तिथे आपण विकत घेतो ती बसायची परवानगी. घरात गप्प बसलं की चौकशी होते. बागेत एकटं बसलं, त्यातून बाईमाणूस असलं, तर येणारे-जाणारे वळून बघतात. वाचनालयात पुस्तक उघडावं लागतं. कपासमोर बसलेल्या माणसाकडे मात्र कारण असतं: कॉफी पितोय.

या धाग्यावर एवढंच हवं आहे की अशी जागा खरोखर विसावा देते ती कशामुळे, आणि तो मोडतो कशाने. मापं, प्रमाणं, कारणं द्या. कुणी दुकान काढणार असेल, कुणी नुसतं बसायला जाणार असेल, दोघांच्याही उपयोगी पडावं.

---

कट्टा_शहापूर

कट्टा हाय की! चहाची गाडी हाय. शंभर-दीडशे रुपये घालून काचेच्या आत बसायची गरज काय, ते आधी सांगा.

---

निपाणी_नाका

@कट्टा_शहापूर, कट्ट्याची किंमत पैशात नसते, बोलण्यात असते. पाच जणांत बसलात की गप्प राहता येत नाही. गप्प राहिलात तर तोच विषय होतो. कट्टा सोबत देतो, एकांत देत नाही. आणि शहापूर काय, वडगाव काय, कट्ट्यावरची जागा पुरुषांची, ठरलेल्या गल्लीतल्यांची. परगावचा मुलगा तिथे टेकत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ साली ‘तिसरी जागा’ ही कल्पना मांडली: घर पहिली, काम दुसरी, आणि जिथे दर्जा-हुद्दा बाजूला ठेवून माणसं नियमित भेटतात ती तिसरी. पण त्यांनी भर दिला होता गप्पांवर. त्या मापाने बघितलं तर कट्टाच खरी तिसरी जागा ठरतो. धागाकर्ते म्हणताहेत ते वेगळं आहे, ‘माणसांत असून कुणाला उत्तर न देणं’. दोन्ही गरजा खऱ्या आहेत, पण एकाच टेबलावर त्या भागत नाहीत. दुकानदार चुकतात ते इथेच. आठ जणांचं लांब टेबल मांडतात आणि त्यावर एकटं गिऱ्हाईक बसावं अशी अपेक्षा धरतात.

आपल्याकडच्या उडुपी हॉटेलात मधला एक सुंदर मार्ग आहे: ‘बाय टू’. एक कॉफी सांगायची, ती दोन ग्लासांत अर्धी-अर्धी येते. दोन माणसांना बसायची ही सगळ्यात स्वस्त परवानगी. कोल्हापूरकडे ‘कटिंग’ म्हणतात त्यात कप लहान होतो. बाय टूमध्ये कप तोच राहतो आणि वाटून घेतला जातो. ज्या नव्या दुकानांनी यादीत बाय टू ठेवलेलं नाही त्यांनी एक मोठं गिऱ्हाईक बाहेर ठेवलं आहे, हे माझं स्पष्ट मत.

---

मंगलोरी_कौल

मी आवाजाबद्दलच लिहितो, कारण विसावा सगळ्यात आधी तिथे मोडतो आणि दुकान काढणारे त्याचा विचार सगळ्यात शेवटी करतात.

रवी मेहता आणि सहकाऱ्यांचा २०१२ सालचा एक प्रयोग पुष्कळदा सांगितला जातो. सुमारे ७० डेसिबलच्या गलक्यात लोकांना ५० डेसिबलच्या शांततेपेक्षा नवीन कल्पना जास्त चांगल्या सुचल्या, आणि ८५ ला परिस्थिती बिघडली. पण नुसता आकडा बघून भागत नाही. आवाज कसला आहे हेही बघावं लागतं. पंख्याची घरघर, रस्त्यावरची रिक्षा, कपबशांची किणकिण मागे पडते. अर्थ लागणारं बोलणं मागे पडत नाही, वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याला तर नाहीच. त्यातही फोनवरचं एकाच बाजूचं बोलणं सगळ्यात जास्त लक्ष खेचतं (कॉर्नेल विद्यापीठात २०१० साली हे तपासलं गेलं), कारण पुढचं वाक्य काय येईल याचा अंदाज मन बांधत राहतं.

आता आपली खास अडचण बघा. परमुलखात शेजारच्या टेबलावरची भाषा कळत नसेल तर बोलण्यातला निदान अर्थ तरी गळून जातो. बेळगावात आपल्याला मराठी कळते, कन्नड कळते, हिंदी-दखनी कळते, खानापूरकडच्यांना कोकणीही कळते. कुठलंच टेबल आपल्यासाठी नुसता गोंगाट होत नाही. म्हणून इथल्या दुकानात टेबलांमधलं अंतर आणि छताचं काम जास्त काळजीने करायला हवं.

हिशोब असा. खोली ६ मीटर लांब, ५ रुंद, ३.५ उंच, म्हणजे १०५ घनमीटर. खाली व्हिट्रिफाइड फरशी, वर स्लॅब, तीन बाजूंना गुळगुळीत भिंती, पुढे काच. एकूण पृष्ठभाग १३७ चौरस मीटर, आणि हे सगळं मिळून आवाज शोषतं जेमतेम ३ टक्के. सॅबिनच्या सूत्राने (०.१६१ गुणिले घनफळ भागिले शोषण, म्हणजे इथे १३७ चे ३ टक्के) रिकाम्या खोलीत आवाज सुमारे ४ सेकंद घुमतो. वीस माणसं बसली की तो दीडच्या आत येतो, कारण कपडे आणि अंग आवाज खातात. पण तेवढं घुमणंही त्रासाचं असतं. एक टेबल मोठ्याने बोलतं, म्हणून दुसरं त्याहून मोठ्याने. छताला २० चौरस मीटर चांगलं शोषक लावलं की तीच भरलेली खोली ०.६५ सेकंदावर येते. फरक कुणालाही दारातच कळतो.

शोषक म्हणजे ५० मिमी जाडीची रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), चौरस मीटरला नव्हे, घनमीटरला ४८ किलो घनतेची, लाकडी चौकटीत बसवून वर खादी ताणलेली. छतापासून ५० मिमी पोकळी सोडून टांगायची. पोकळीमुळे खालच्या पट्टीतला आवाजही धरला जातो. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, उपयोग जवळजवळ शून्य. साधा फोम तर नकोच, आग लागली तर विषारी धूर करतो. ज्यूटचे पडदे दिसतात छान, पण खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यात त्यांना बुरशी येते आणि वास बसतो. तिथे काढून धुता येणारी सुती खोळच बरी.

जुन्या घरात, कौलं आणि लाकडी माळा असलेल्या खोलीत, यातलं निम्मं काम आधीच झालेलं असतं. अशी जागा भाड्याने मिळाली तर ‘मॉडर्न’ करायच्या नादात पीओपीचं सपाट छत मारू नका, एवढी विनंती.

---

टिळकवाडीकर

चौरस मीटर-घनमीटरचं बरं झालं खुलाशाने सांगितलंत, दुकानदार तिथेच फसवतात. मोबाइलवरच्या ॲपने डेसिबल मोजले तर चालतात का?

---

मंगलोरी_कौल

चार-पाच डेसिबल इकडेतिकडे होतात. दोन जागांची तुलना करायला पुरेसं आहे. मिक्सर चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा मोजा. मिल्कशेकचा मिक्सर काउंटरवर उघडा ठेवला की बाकी सगळी मेहनत वाया. तो आतल्या खोलीत न्या आणि खाली जाड रबराचा तुकडा घाला.

---

मलप्रभा

बायकांच्या बाजूने लिहिते.

जुन्या हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ असायची, अजूनही आहेत. प्लायवूडचे कप्पे, पुढे पडदा. त्या काळात बाईला बाहेर बसून खाता येईल अशी तीच जागा होती, हे मान्य करायला हवं. पण त्या कप्प्यात उजेड नाही, वारा नाही, आणि एकटी बाई तिथे शिरली की पडद्याआड काय चाललंय अशा नजरा. लपवून ठेवणं म्हणजे आसरा देणं नव्हे.

ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे ॲपलटन यांनी १९७५ साली मांडलं होतं की माणसाला जिथून दूरवर दिसतं पण पाठ झाकलेली असते अशी जागा आवडते. कॉफीच्या दुकानात हे रोज बघायला मिळतं. भिंतीलगतची, दार दिसणारी टेबलं आधी भरतात, खोलीच्या मधली शेवटी. एकट्या बाईला ही निवड जास्तच महत्त्वाची. म्हणून भिंतीलगत सलग बाक, बसायची उंची ४५ सेंमी, टेबल ७३ ते ७५ सेंमी, दोघांचं टेबल ६० गुणिले ६०, आणि दोन टेबलांत किमान ५० सेंमी फट, म्हणजे उठताना कुणाला ‘सरका’ म्हणावं लागत नाही. मधल्या टेबलांना विसावा द्यायचा असेल तर एका बाजूने ९० ते १०० सेंमी उंचीची कुंड्यांची किंवा पुस्तकांची आडभिंत पुरते. बसलेल्याची पाठ झाकली जाते, उभ्या वेटरला सगळं दिसतं.

रस्त्यावरून आतलं दिसायला हवं, पण टेबलाखालचं नको. काचेच्या खालच्या ७५ सेंमीला फ्रॉस्टेड कागद लावला की काम होतं.

स्वच्छतागृह: आतून लागणारी कडी, पर्स अडकवायला खुंटी, झाकणाचा डबा, चालू दिवा. या चार गोष्टी नसतील तर बाई पाऊण तासात उठते, मग कॉफी कितीही चांगली असो. आणि दारासमोर पायरीवर गाड्या लावून उभा राहणारा घोळका हटवायची जबाबदारी मालकाची आहे. आतली खुर्ची कितीही मऊ असली तरी बाहेर पडताना त्या घोळक्यातून जावं लागणार असेल तर ती बाई पुन्हा येत नाही.

---

कट्टा_शहापूर

ताई, पटलं. पायरीवरचा घोळका कट्टेवाल्यांचाच असतोय, तेही खरं हाय.

---

खुर्ची_तास

आता मालकाचा हिशोब, म्हणजे गिऱ्हाइकालाही कळेल की दोन तासांनी वेटर फडकं का मारतो.

समजा भाडं, पगार, वीज मिळून महिन्याला १,२०,००० रुपये लागतात आणि दुकान २६ दिवस चालतं. रोजचे ४,६१५. वीस खुर्च्या, दहा तास, म्हणजे २०० खुर्ची-तास. निम्म्याच भरल्या तर १००. एका भरलेल्या खुर्चीचा एक तास मालकाला सुमारे ४६ रुपयांना पडतो, दूध आणि कॉफीची पावडर वेगळी. ३० रुपयांच्या कॉफीवर दोन तास बसलेला माणूस त्याला ६० रुपयांच्या वर तोट्यात घालतो. दीडशेच्या कॉफीत खुर्चीचं भाडं आधीच धरलेलं असतं. ती महाग वाटते, पण महाग आहे ती खुर्ची. पंधरा मिनिटांत उठणाऱ्यालाही तीच किंमत लागते, हा त्यातला अन्याय.

यावर उपाय दोन. एक, गर्दीचे तास वेगळे धरा. सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८ सोडून बाकी वेळ खुर्च्या रिकाम्याच असतात. त्या वेळी कुणी तीन तास बसलं तरी मालकाचं काही जात नाही. दुसरा, उभ्याने पिणाऱ्यांसाठी बाहेर काउंटर आणि तिथे कमी दर. बेंगळुरूच्या दर्शिनींनी तेच केलं: उभ्याने खा, दर कमी.

गिऱ्हाइकाने पाळायचं: तासाला एक काहीतरी सांगावं, बाय टू का असेना. गर्दीत चौघांचं टेबल एकट्याने अडवू नये. फोनवर लांब बोलायचं तर बाहेर जावं.

वेटरला शिकवायचं: कप रिकामा दिसला की लगेच उचलू नका. रिकामा का असेना, समोर कप आहे तोवर माणूस गिऱ्हाईक असतो. उचलला की तो नुसता बसलेला होतो. त्याऐवजी पाण्याचा ग्लास भरा. व्हिएन्नाच्या कॉफीघरांत कॉफीबरोबर तबकात पाण्याचा ग्लास येतोच. आपल्या उडुपी हॉटेलातही आधी पाणी येतं, फक्त आपण ते पुन्हा भरत नाही. टेबल पुसणं, ‘आणि काय?’, न मागता बिल, या तिन्हींचा अर्थ गिऱ्हाईक एकच लावतं.

---

डिकॉक्शन

जागेबद्दल एवढं झालं, कपाबद्दल कुणीच नाही! बेचव कॉफीवर कुणी दुसऱ्यांदा येत नाही. फिल्टरचं सांगतो, कारण यंत्राचा खर्च नाही आणि यंत्राचा आवाजही नाही.

स्टीलचा फिल्टर: वरचं छिद्रांचं भांडं, दांडीची चकती, झाकण, खालचं भांडं. पावडर २० ग्रॅम, पाणी १०० मिली. पावडर सपाट करून चकती नुसती टेकवा, दाबू नका. दाबली तर पाणी तासभर अडकतं आणि डिकॉक्शन (खाली उतरणारा कॉफीचा दाट अर्क) कडवट होतं. सैल राहिली तर तीन मिनिटांत गळून पाणचट येतं. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटरवर आहे, इथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. म्हणून उकळल्याबरोबर ओतलं तरी पावडर जळत नाही. आधी २० मिली गोल फिरवून ओता, अर्धा मिनिट थांबा, पावडर फुगू द्या, मग उरलेलं. १५ ते २० मिनिटांत ६० मिलीच्या आसपास उतरतं, बाकीचं पाणी पावडर धरून ठेवते. त्यात दोन कप: प्रत्येकी ३० मिली डिकॉक्शन, ९० ते १०० मिली गरम दूध. डिकॉक्शन परत उकळायचं नाही. गरम करायचं ते दूध.

थेंब मधेच थांबले तर दोन कारणं. छिद्रं बुजलीत (भांडं व्हिनेगरच्या पाण्यात उकळून टाचणीने मोकळी करा), किंवा वरचं भांडं खालच्यावर इतकं घट्ट बसलंय की आतली हवा निघत नाही. वरचं भांडं किंचित उचलून ठेवा, लगेच सुरू होतं.

चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) १५ ते २० टक्के असेल तर दुधात कॉफी भरीव लागते. ४० च्या पुढे नुसता गोडूस कडूपणा उरतो. पाकिटावर टक्केवारी छापलेली असते, मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा नियम आहे. पावसाळ्यात चिकोरी ओल ओढते, गुठळ्या होतात आणि फिल्टर तुंबतो. जून ते सप्टेंबर आठवड्याला पुरेल एवढीच पावडर घ्या आणि स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवा. फ्रिजमधून काढ-घाल केली की पावडरीला पाणी सुटतं.

आणि डबरा-लोटा (पसरट वाटी आणि स्टीलचा पेला) द्या, कागदी पेला नको. इकडून तिकडे दोन-तीनदा ओतलं की कॉफी पिण्याजोगी निवते. ६५ अंशांवरची पेयं अन्ननलिकेला घातक असण्याचा संभव आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं आहे. आणखी एक, ते ओतणं करताना माणसाचे हात गुंतलेले असतात, त्यामुळे फोनकडे जात नाहीत. विसाव्याचं पहिलं मिनिट तिथे मिळतं.

---

रात्रपाळी

डिकॉक्शन यांच्या प्रमाणाला आरोग्याची बाजू जोडतो.

२० ग्रॅम पावडरीत २० टक्के चिकोरी, म्हणजे कॉफी १६ ग्रॅम. अरेबिकात कॅफीन साधारण १.२ टक्के, रोबस्टात त्याच्या जवळपास दुप्पट. अर्धी-अर्धी धरली आणि सगळं उतरत नाही हे लक्षात घेतलं तर दोन कपांत मिळून दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास, कपाला शंभर. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० आणि गरोदर बाईला २०० ची मर्यादा सांगितली.

मन शांत करायला आलेला माणूस तिसऱ्या कपानंतर जास्त अस्वस्थ होतो, याचं कारण इथे आहे. कॅफीन थकव्याची जाणीव देणाऱ्या ॲडेनोसिनची जागा अडवतं. छाती धडधडते, हात किंचित थरथरतात, आणि आधीच काळजीत असलेल्याला ती काळजीच वाढल्यासारखी वाटते. शरीरातून निम्मं जायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी ६ ला प्यायलेल्यातलं निम्मं रात्री ११ ला शिल्लक. म्हणून दुकानाने यादीत कषाय, बदाम दूध, ताक, लिंबू सोडा ठेवावं. चिकोरीत कॅफीन नसतं, नुसत्या चिकोरीची दुधातली कॉफीही देता येते. बसायची परवानगी कॅफीनशिवायही विकता यायला हवी.

आणि कुणी रोज घर टाळण्यासाठीच बसत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर टेबलाने भागणार नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास चालतो, फोन फुकट आहे, मराठी-कन्नड दोन्हींत बोलता येतं. दुकानाच्या फलकावर कॉफीच्या दराशेजारी हा आकडा लिहून ठेवला तर चांगलंच.

---

निपाणी_नाका

दोन मुद्दे राहिले होते.

वेटरशी दोन शब्द बोलणं. व्हँकुव्हरमध्ये सँडस्ट्रॉम आणि डन या संशोधिकांनी स्टारबक्सच्या गिऱ्हाइकांवर प्रयोग केला, २०१४ साली छापून आला. ज्यांना काउंटरवरच्या माणसाकडे बघून, हसून, थोडं बोलायला सांगितलं होतं ते कॉफी घेऊन झटपट निघालेल्यांपेक्षा जास्त आनंदात होते, आणि आपण इथले आहोत असं त्यांना जास्त वाटलं. म्हणून नेहमीच्या माणसाला ‘साखर कमीच ना?’ एवढं विचारणारा वेटर टिकवा. आपल्याकडे समोरच्याची भाषा ओळखून मराठीत ‘बसा’ किंवा कन्नडात ‘कुत्कोळ्ळी’ म्हणणारा पोऱ्या असेल, तर सीमाभागातल्या दुकानाला त्याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. पाटीवरून भांडणं होतात, पण टेबलावर दोन्ही भाषा चालतात, हे आपल्या दुकानांनी जपलंय.

दुसरा, ही जागा कामगारांनीही चालवली आहे. कॉफी बोर्डाने १९५० च्या दशकात आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७ साली बेंगळुरूत. तासन् तास बसू देणारी इंडियन कॉफी हाउसं त्यातून टिकली. खुर्ची-तासाचा हिशोब नफ्याच्या बाहेर ठेवायचा असेल तर सहकार हा एक खरा रस्ता आहे, आणि आपल्या जिल्ह्यात सोसायट्या चालवायची माहिती गावोगावी आहे.

---

मलप्रभा

मालकांना एक सुचवते. बेळगावच्या मोठ्या इस्पितळांत चंदगड, सावंतवाडी, गोव्यापासून पेशंट येतात. बरोबरचे नातेवाईक रात्रभर जिन्यात, व्हरांड्यात बसतात. त्यांच्यासाठी इस्पितळासमोरचं दुकान म्हणजे खरोखर आसरा आहे. तिथे सजावट काही नको. पहाटे ५ ला उघडा. गाणी लावू नका, आतून फोन आला तर ऐकू यायला हवा. प्रत्येक टेबलाला चार्जिंगचा प्लग, भिंतीवर मोठं घड्याळ, पिशवी ठेवायला पायाशी जागा. दिवे पिवळसर, २७०० केल्विनचे, कारण ती माणसं रात्रभर पांढऱ्या ट्यूबखाली बसलेली असतात. खायला इडली, उपीट, दहीभात, म्हणजे न जेवलेल्या पोटाला चालेल असं. थर्मासमध्ये भरून द्यायची सोय ठेवा, आणि थर्मास आधी गरम पाण्याने विसळा, नाहीतर वॉर्डात पोचेपर्यंत कॉफी कोमट होते.

---

टिळकवाडीकर

थर्माससाठी डिकॉक्शन आणि दूध वेगळं भरावं की एकत्र?

---

डिकॉक्शन

वेगळं. एकत्र भरलं तर तासाभरात दुधाला शिळा वास येतो आणि साय झाकणात अडकते. दूध थर्मासमध्ये, डिकॉक्शन लहान स्टीलच्या डबीत, साखर पुडीत. तिघांसाठी ९० मिली डिकॉक्शन, ३०० मिली दूध. वॉर्डात वाटताना आधी डिकॉक्शन पेल्यात, मग वरून दूध उंचावरून धार धरून ओता, चमचा लागत नाही.